बुधाचे वातावरण आणि धूमकेतूची धूळ

सूर्यमालेचा पाठ शिकविताना ‘बुधाला वातावरण नाही’ एवढे फळ्यावर लिहून आपण पुढे जातो. हे अगदी चूक नव्हे, परंतु पुरते खरेही नव्हे. बुधाभोवती सोडियम, कॅल्शियम, हेलियम इत्यादींचे अणू असतात. मात्र ते इतके विरळ की, एक अणू दुसऱ्यावर क्वचितच आदळतो.

बुधाचे गुरुत्वाकर्षण दुबळे व सूर्य निकट. त्यामुळे हे अणू सतत निसटत असतात. फुटक्या रांजणात पाणी दिसावयाचे तर वरून धार चालू हवी. बुधावर ती धार कोठून येते?

तिचा काही भाग धूमकेतू पुरवितात. अमेरिकेचे ‘मेसेंजर’ यान २०११ ते २०१५ या काळात बुधाभोवती फिरत होते. बुधाच्या प्रत्येक वर्षात, म्हणजे दर ८८ दिवसांनी, कक्षेच्या एका ठराविक भागात कॅल्शियम वाढते, असे त्यास आढळले. २०१५ साली संशोधकांनी या वाढीची सांगड एन्के धूमकेतूच्या धुळीशी घातली. हा धूमकेतू सुमारे ३.३ वर्षांत सूर्याची एक प्रदक्षिणा करतो. बैलगाडी निघून गेली तरी वाटेवर धुरळा राहतो, आणि आडव्या वाटेने येणाऱ्यास तो नेमका त्या फाट्यावर लागतो. तसेच हे आहे. (दृष्टान्त थोडा अपुरा आहे. गाडीचा धुरळा घटकेत बसतो, धूमकेतूचा सहस्रावधी वर्षे टिकतो.) वाटेत अडविणारी दाट हवा नसल्याने ही धूळ बंदुकीच्या गोळीहून कितीतरी अधिक वेगाने थेट खडकावर आदळते. त्या आघाताने कण व खडक या दोहोंची वाफ होते आणि कॅल्शियमचे अणू वर उसळतात.

केडगावच्या मुलांस बुधाचे हे आवरण दाखविता येणार नाही. एन्केची धूळ मात्र दाखविता येईल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पृथ्वीही तिच्यातून जाते. त्या दिवसांत रात्री नऊनंतर, स्टेशनच्या दिव्यांपासून दूर मोकळ्या रानात, पूर्वेकडे कृत्तिका वर आलेल्या असताना मुलांस बसवावे. वृषभ राशीतून निघाल्यासारख्या उल्का दिसतील; तासाभरात मोजक्याच, पण संथ आणि काही विशेष तेजस्वी. ‘तारा तुटला’ असे मूल म्हणेल, तेव्हा सांगावे की, तो तारा नसून धुळीचा कण आहे. येथे तो सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर हवेत जळतो, बुधावर जमिनीपर्यंत पोहोचतो.

दुसऱ्या दिवशी ‘बुधाचे वातावरण अत्यंत विरळ आहे’ असे फळ्यावर लिहावे. ज्या खडूने ते लिहावयाचे, त्यातही कॅल्शियमच असते.