पाटसचा माळ आणि अरण्यग्रंथांचे वाचन

राष्ट्रीय उद्यान म्हटले की मराठी वाचकाच्या दृष्टीपुढे मारुती चितमपल्लींच्या ग्रंथांतील नवेगावबांधचे अरण्य उभे राहते. पाटसकडील श्रोत्यांपुढे या ग्रंथांची चर्चा करताना मात्र जवळच्या सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्याचा विचार अपरिहार्य ठरतो. १९९७ साली घोषित झालेला हा जेमतेम पाच चौरस किलोमीटरांचा माळ चिंकाऱ्यासाठी राखलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मुभा नाही. अभयारण्यात मात्र चराईचे नियमन करता येते. मेंढपाळाला हा भेद आधी उमगतो, अभ्यासकाला बहुधा मागाहून! माळास ‘पडीक’ ठरवून त्यावर दाट झाडी लावणे म्हणजे चिंकाऱ्यास हुसकावणेच होय. त्याला मोकळे गवत आणि दूरवर पोचणारी नजर लागते.