पाकिटातले जिवाणू मुळाशी जिवंत पोचावेत

पिंपरीच्या मातीचे नाव सूक्ष्मजीवशास्त्रात कोरले गेले आहे. इथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्यात डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीवरचे हमायसिन हे औषध शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याचे नाव 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. याच कारखान्यातून पुढे ऑरिओफंगिन आले आणि ते पिकांवरच्या बुरशीजन्य रोगांसाठीही वापरले गेले. मातीतल्या जिवाणूंची ताकद या पट्ट्याने अशी फार लवकर ओळखली होती.

औषधाच्या बाबतीत जिवाणूने तयार केलेला पदार्थ वेगळा काढून बाटलीत भरता येतो. जिवाणू खतात मात्र खुद्द जिवाणूच कामाला लावायचा असतो, आणि तो मेला तर काम थांबले.

हे काम आहे तरी काय? हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. रायझोबियम जिवाणू सोयाबीन, भुईमूग, हरभरा यांच्या मुळांवर गाठी करून राहतात आणि हवेतले नत्र पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात. त्या बदल्यात पीक त्यांना साखर पुरवते. कांदा, बाजरी, ज्वारी यांच्या मुळांवर अशा गाठी होत नाहीत. तिथे मुळांभोवती मोकळेपणी राहणारा अ‍ॅझोटोबॅक्टर उपयोगी पडतो. जमिनीत अडकून पडलेला स्फुरद पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, सेंद्रिय आम्ले सोडून मोकळा करतात.

चाकणच्या कारखान्यांना लागूनच खेड तालुक्यात आजही कांदा, बटाटा, सोयाबीन पिकते. जमीन कमी होत चालली असताना उरलेल्या जमिनीचा कस टिकवणे हे आपल्या सगळ्यांचेच काम आहे. त्यासाठी जिवाणू खत उपयोगी आहे, पण 'पाकीट वापरले, फरक पडला नाही' ही तक्रार शेतकऱ्यांकडून ऐकू येते. दोष बहुधा हाताळणीत किंवा निवडीत असतो. उन्हाने तापलेल्या दुकानात वा गाडीत ठेवलेल्या पाकिटातले जिवाणू पेरणीआधीच मरतात. सोयाबीनचे रायझोबियम हरभऱ्याला चालत नाही, कारण प्रत्येक पीकगटाचा जिवाणू वेगळा असतो.

म्हणून पाकिटावरचे पीक आणि मुदतीची तारीख आधी पाहावी. बुरशीनाशक आणि कीटकनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू संवर्धक, म्हणजे पाकिटातले जिवाणू खत, सगळ्यात शेवटी. स्ट्रेप्टोसायक्लिनसारखे जिवाणूनाशक संवर्धक लावायच्या बियाण्याला लावू नये, ते उपयोगी जिवाणूही मारते. गुळाच्या पाण्यात संवर्धक कालवून बियाण्यावर हलक्या हाताने चोळावे, सावलीत सुकवावे आणि लगेच वापशावर पेरावे. जमिनीत ओल आणि शेणखत किंवा कंपोस्ट असेल तर जिवाणू तग धरतात. युरियाचा मारा केला तर गाठी कमी होतात, कारण आयते नत्र मिळाल्यावर पीक जिवाणूला पोसत बसत नाही.

फळ मिळाले की नाही, हे शेतकऱ्याला स्वतःच तपासता येते. फुलोऱ्याच्या सुमारास सोयाबीनचे एक झाड मातीसकट अलगद उपटावे, मुळे पाण्यात धुवावीत आणि गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर नत्राचे काम सुरू आहे. पांढरी निघाली तर तिथे काम होत नाही, आणि पुढच्या हंगामात पाकीट, साठवण व बीजप्रक्रिया तिन्ही तपासायला हवीत. रासायनिक खताची मात्रा माती परीक्षणाचा अहवाल आणि या गाठी पाहूनच कमी करावी, ऐकीव आकड्यावर नव्हे.