छळ सोसलेला आरोपी आणि परिवीक्षेची शिफारस

वर्षानुवर्षं नवऱ्याचा मार खाल्लेल्या बाईच्या हातून एके दिवशी तोच मारला जातो. बातमी आली की कोणी म्हणतं, ‘सोडून द्या तिला’, कोणी म्हणतं, ‘खून तो खूनच’. कायदा या दोन्हींपैकी काहीच म्हणत नाही.

गैरसमज: छळ सिद्ध झाला की न्यायालय परिवीक्षेवर, म्हणजे प्रोबेशनवर, सोडतं.

खुनाच्या गुन्ह्यात तसं होत नाही. अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 च्या कलम 4 नुसार, ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते त्यात ही सवलत नाही. प्रत्यक्षात किती शिक्षा झाली असती, हा प्रश्नच नसतो. साध्या मारहाणीत हाड मोडलं तर ती गंभीर दुखापत. शिक्षा 7 वर्षांपर्यंत, आणि परिवीक्षा शक्य. तीच दुखापत कोयत्याने केली तर जन्मठेपेची तरतूद आहे, म्हणून परिवीक्षा नाही. खुनाला तर जन्मठेप किंवा फाशी एवढंच. न्यायाधीशांना कितीही कळवळा आला तरी त्याखाली उतरता येत नाही.

गैरसमज: छळाची हकीकत शिक्षेच्या सुनावणीत सांगितली तरी चालते.

याच समजापायी सर्वांत मोठं नुकसान होतं. खरा निर्णय कलम ठरताना होतो, म्हणून दवाखान्याचे केसपेपर, पोलीस ठाण्यातल्या अदखलपात्र तक्रारी (एनसी), शेजाऱ्यांच्या साक्षी खटला चालू असतानाच पुढे यायला हव्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 101 मध्ये गंभीर आणि अचानक प्रक्षोभाचा अपवाद आहे. तो लागू झाला तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरतो. त्यातही मारण्याचा हेतू असेल तर जन्मठेपेची तरतूद आहेच. हेतू नव्हता, पण मृत्यू होऊ शकतो याची जाणीव होती, एवढंच ठरलं तर कमाल शिक्षा 10 वर्षं, आणि तिथे परिवीक्षेचा विचार होऊ शकतो.

अडचण ‘अचानक’ या अटीची आहे. छळ दहा वर्षांचा असतो, घाव मात्र नवरा झोपेत असताना बसतो. मुंबईच्या नानावटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये, मन शांत व्हायला मधे वेळ मिळाला होता म्हणून, खुनाची शिक्षा कायम केली. त्याच निकालात, मृत व्यक्तीच्या आधीच्या वागण्याने घडलेली मनःस्थितीही विचारात घेता येते, असं म्हटलं आहे. 1989 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने साचत गेलेल्या प्रक्षोभालाही मान्यता दिली. वकिलांनी आरोपी स्त्रीच्या बाजूने हे मुद्दे नेटाने मांडायला हवेत.

गैरसमज: परिवीक्षा म्हणजे निर्दोष सुटका.

दोष सिद्ध झालेलाच असतो. 3 वर्षांपर्यंतचा बंधपत्राचा काळ असतो. अट मोडली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते.

गैरसमज: परिवीक्षा अधिकाऱ्याची शिफारस म्हणजे निकाल.

अधिकारी घरी जातो, माणसांशी बोलतो, अहवाल देतो. तो गोपनीय असतो. न्यायालयाने तो विचारात घ्यायचा असतो, मानलाच पाहिजे असं नाही. 2022 मध्ये मध्य प्रदेशातल्या मनोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, फाशीची शक्यता असेल तर आरोपीच्या बालपणातल्या हिंसेची आणि हेळसांडीचीही माहिती न्यायालयापुढे यावी, असं सांगितलं. फाशीच्या खटल्यात विचारला जाणारा हा प्रश्न सदोष मनुष्यवधाच्या खटल्यातही विचारला जावा, असं मला ठामपणे वाटतं. परिवीक्षा शक्य असेल तिथे परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायला आजही कायद्याची आडकाठी नाही. बचावाच्या वकिलाने तसा अर्ज करायला हवा.