तरुण पाळकाच्या हाती दिलेली तीन पत्रे

ख्रिस्ती धर्मसेवकांच्या मार्गदर्शनासाठी लिहिल्या गेलेल्या ग्रंथांची परंपरा विस्तीर्ण असली, तरी तिचा उगम ज्या लिखाणात आहे ती नव्या करारातील तीन पत्रे अगदी आटोपशीर आहेत. तीमथ्याला लिहिलेल्या दोन पत्रांचे मिळून दहा अध्याय आणि तीताला लिहिलेल्या पत्राचे तीन, एवढाच हा सारा ऐवज. ती प्रत्यक्ष प्रेषित पौलाच्या हातची की त्याच्या पश्चात एखाद्या शिष्याने त्याच्या नावे लिहिलेली, हा वाद श्लायरमाखर या जर्मन पंडिताने १८०७ साली तीमथ्याच्या पहिल्या पत्राविषयी शंका उपस्थित केल्यापासून आजतागायत चालू आहे. तथापि मंडळीने ही पत्रे शतकानुशतके आपल्या तरुण सेवकांच्या हाती दिली, ती एका अनुभवी वृद्धाने नवख्या कारभाऱ्याला केलेली मसलत म्हणूनच.

तीमथ्य हा लुस्त्र गावचा. बाप ग्रीक, आई यहूदी. श्रद्धेचा वारसा त्याला मिळाला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून. प्रकृतीने तो नाजूक होता, आणि पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घेत जा, असे त्याला पत्रातच सुचवलेले आहे. स्वभावानेही तो भिडस्त असावा. कारण तो तुमच्याकडे आला तर त्याला निर्भयपणे वावरू द्या, अशी शिफारस पौलाला करिंथच्या मंडळीस पूर्वीच करावी लागली होती. अशा माणसाची नेमणूक झाली ती इफिससारख्या गजबजलेल्या शहरी, जिथे अर्तमी देवीचे चांदीचे देव्हारे घडविणाऱ्या कारागिरांनी पौलाच्या उपदेशामुळे आपला धंदा बुडेल या भीतीने दंगल माजविली होती. तीताच्या वाट्याला क्रेत बेट आले. तिथे गावोगाव मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, नेमण्याचे काम त्याच्यावर सोपविले होते.

वयाने लहान म्हणून कोणी तुला हलके लेखू नये, असे तीमथ्याला सांगताना त्यावरचा उपाय म्हणून पत्रकर्ता अधिकाराचा दंडा त्याच्या हाती देत नाही. बोलणे, वागणे, प्रीती, विश्वास आणि शुद्धता यांचा कित्ता तूच घालून दे, एवढेच बजावतो. वृद्ध माणूस चुकला तर त्याच्यावर न खेकसता बापाला विनवावे तसे विनवावे, वृद्ध स्त्रियांना आईप्रमाणे आणि तरुणींना बहिणीप्रमाणे मानावे, हा उपदेश ज्या तरुणाला आपल्या दुप्पट वयाच्या पंचांसमोर बसून मंडळीचा कारभार पाहावा लागतो, त्यालाच खऱ्या अर्थाने कळेल. मंडळीच्या अध्यक्षाच्या अंगी कोणते गुण असावेत याची जी यादी पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे, तीत शिकविण्याची हातोटी हे एकच कसब सांगितले आहे. बाकी बहुतेक अटी संसार, मद्य, पैसा, पाहुणचार आणि बाहेरच्या लोकांतील नावलौकिक यांविषयीच्या आहेत.

माझ्या मते या पत्रांतील सर्वांत मोलाचा भाग पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. मंडळीच्या खर्चाने पोसावयाच्या विधवांच्या पटावर साठ वर्षांखालील स्त्रीचे नाव घालू नये. जिला मुले-नातवंडे आहेत तिचा भार आधी त्यांनी उचलावा, म्हणजे जी खरोखर निराधार आहे तिला मंडळीचा आधार पुरेल. वडिलाविरुद्धची फिर्याद दोघा-तिघा साक्षीदारांवाचून दाखल करून घेऊ नये, पण दोष चालूच राहिला तर सर्वांसमक्ष कानउघाडणी करावी. कोणावर उतावळेपणाने हात ठेवून त्याला सेवेची दीक्षा देऊ नये. आणि हे सारे पक्षपात न करता करावे. हा मजकूर एखाद्या दफ्तरातील नियमावलीसारखा कोरडा वाटण्याचा संभव आहे. परंतु जिथे नियम नसतो तिथे पाळकाची मर्जी चालते, आणि ती मर्जी सांभाळता न येणाऱ्या दुबळ्या माणसाची दाद लागत नाही. तरुणाच्या हाती सत्ता देताना तिच्या मर्यादाही त्याच क्षणी आखून देणाऱ्या या शहाणपणाविषयी मला मनापासून आदर वाटतो.

या पत्रांत मनाला टोचणारा भागही आहे. स्त्रियांनी शिकवू नये, निमूट राहावे, हे विधान वाचताना मराठी वाचकाला पंडिता रमाबाईंचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराश्रित स्त्रियांना त्यांनी शिकविले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संपूर्ण मराठी बायबलात हे विधानही त्यांच्याच लेखणीतून उतरले आहे. ज्या पत्रांत तीमथ्याच्या श्रद्धेचे श्रेय एका आजीला आणि एका आईला दिले आहे, त्यांतीलच एक वाक्य घेऊन स्त्रियांचे तोंड कायमचे बंद करणे मला न्याय्य वाटत नाही.

पुढच्या शतकांतील ग्रंथकारांनी या पत्रांतील बीजाचा विस्तार केला. चौथ्या शतकात नाझियान्झसचा ग्रेगरी दीक्षा मिळताच भयाने पळून गेला, आणि परतल्यावर आपल्या पलायनाची कारणे सांगताना पाळकपणाचा भार किती मोठा आहे हे त्याने उलगडून दाखविले. पोप थोरले ग्रेगरी यांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ग्रंथात श्रीमंत आणि दरिद्री, आनंदी आणि दुःखी अशा परस्परविरुद्ध स्वभावस्थितींच्या श्रोत्यांना निरनिराळा उपदेश कसा करावा याचे तपशीलवार विवेचन केले. इंग्लंडचा राजा आल्फ्रेड याने ते आपल्या लोकभाषेत आणविले. परंतु प्रत्यक्ष कामाच्या दृष्टीने मला सर्वांत जवळचा वाटतो तो इंग्लंडमधील किडरमिन्स्टरचा पाळक रिचर्ड बॅक्स्टर. १६५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात आपल्या परगण्यातील आठशेंहून अधिक कुटुंबांची तो हकीकत देतो: सोमवार आणि मंगळवार हे दोन दिवस जवळजवळ सकाळपासून रात्रीपर्यंत राखून आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबांशी बोलायचे, म्हणजे वर्षाकाठी एकही घर सुटत नाही. व्यासपीठावरून वर्षानुवर्षे ऐकून जे उमगले नाही ते अर्ध्या तासाच्या खाजगी बोलण्यात एखाद्याला उमगते, असा त्याचा अनुभव होता.

आपल्याकडील तरुण पाळकाला बॅक्स्टरच्या या दोन दिवसांची गरज फार आहे. मिशनऱ्यांच्या मागे राहिलेल्या जमिनी, इमारती आणि विश्वस्तपदे यांवरून मंडळ्यांत जे तंटे माजतात, त्यांत प्रत्येक पक्ष नव्या पाळकाला पहिल्याच आठवड्यात आपल्या बाजूला ओढू पाहतो; आणि ज्याने अजून मंडळीतील घरांचे उंबरेही ओलांडलेले नाहीत, त्याला दस्तऐवजांची शहानिशा करीत बसावे लागते. अशा वेळी त्याने आधी घरे पाहावीत, फिर्यादी साक्षीदारांवाचून ऐकू नयेत, आणि कोणाला पंच नेमण्याची घाई करू नये. इफिसच्या त्या भिडस्त तरुणाला मिळालेला सल्ला त्यालाही जसाच्या तसा लागू पडतो.