पश्चिमेची भिंत

पेडण्यातल्या आमच्या घराचं काम मार्चमध्ये गिलाव्यापर्यंत आलं आणि घरात रंगावरून वाद सुरू झाला. बाबांना पुढच्या भिंतीला चकचकीत टाइल हवी. २०२३ साली मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून त्या वाटेवर तशी घरं दिसतात, तेव्हा आपलंही तसंच हवं. दादाला राखाडी, आईला पांढरा. मी मराठीची विद्यार्थिनी, मला कोण विचारतं! मग मीच मेस्ताच्या मागे लागले.

आपलं घर चिऱ्याचं. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, म्हणून तासता येतो. हवा लागली की घट्ट होतो. पण त्याच्या अंगभर छिद्रं असतात, आणि गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. चिरा पाणी पिणारच. प्रश्न एवढाच, की प्यालेलं पाणी उन्हात परत बाहेर कसं जाणार? शिंपल्या भाजून केलेल्या चुन्याचा जुना गिलावा ते वाफेच्या रूपाने जाऊ द्यायचा. प्लॅस्टिक पेंटचा जाड थर ती वाट बंद करतो.

डिचोलीला मामाच्या घराचं हेच झालं. वर सपाट स्लॅब, छज्जा नाही. पाणी पॅरापेटच्या भेगेतून भिंतीत उतरलं आणि बाहेरचा रंग पापडासारखा फुगला. मामाने दोनदा खरवडून रंग काढला, दोनदा पैसे घातले, आणि दोन्ही वेळा शिव्या मात्र रंगवाल्याला! मेस्ताला हे सांगितलं तर तो म्हणाला, "रंग वायट न्हय गो, पाणी खंयसून येता तें पळय."

म्हणजे रंगाच्या आधी छप्पर. ज्यांना आपण मंगळुरी कौलं म्हणतो, त्यांचा मंगळुरातला बासेल मिशनचा कारखाना १८६५ चा. मिशनऱ्यांनी काढलेला हा धंदा कोकणभर छपरांवर चढला. कौलारू घराचं पाखं भिंतीच्या बरंच बाहेर येतं, त्यामुळे पागोळ्या दूर पडतात. तरीही वाऱ्याकडच्या बाजूला आजी चुडतांची झापं बांधायची. जुन्या भिंतींचा रंग टिकायचा त्यात रंगापेक्षा या झापांचा वाटा मोठा, असं मला आता वाटतं.

आता रंग. जुन्या काबिजादीत पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असे आणि घरं निळी, पिवळी, तांबडी, असं सांगतात. पणजीच्या फोंतेन्यांत फिरलं की ते पटतं. पेडणे आणि डिचोली पोर्तुगिजांकडे आली ती अठराव्या शतकाच्या शेवटी. आपल्याकडे रंग ठरवते ती माती. पागोळी अंगणात आपटली की तांबडा चिखल भिंतीवर हात-दीड हात उडतो. जुन्या घरांच्या जोत्यावर गडद तांबडा पट्टा असतो तो याचसाठी, हौस म्हणून नव्हे. डिचोलीत त्यात खनिजाच्या ट्रकांची धूळ. आईचा पांढरा तिथे एका उन्हाळ्यात गुलाबी होईल आणि आमच्याकडे एका पावसात शेवाळाने काळा.

काव आणि पिवळी माती हे रंग मुळात लोखंडाचेच, चिऱ्याला तांबडा करणारं तेच लोखंड. ते उन्हात विटत नाहीत, चुन्यात खराब होत नाहीत. राखाडीचं म्हणाल तर दादा ऐकत नाही. किनारा जवळ, खारा वारा. खिडकीच्या लोखंडी गजांचा गंज राखाडीवर ओघळून कसा दिसेल ते त्याने मोरजीला जाऊन बघावं.

टाइल बाबांनी सोडली, तीसुद्धा मेस्ताने हिशेब सांगितल्यावर. माझं ऐकून नव्हे. पुढची भिंत उघड्या चिऱ्याची ठेवून फक्त दर्जा भरल्या. बाकी गिलाव्याला यंदा रंग नाही. पश्चिमेच्या भिंतीवर तीन चौकोन रंगवलेत: पांढरा, राखाडी आणि पिवळ्या मातीचा. पाऊस जाईपर्यंत ते तसेच राहतील. आईने पांढऱ्याच्या वर हळूच एक झाप बांधलंय. ते काढायला लावायचं आहे.