दातेरी चाकाचा क्लब आणि पोलिओचे दोन थेंब

तालुक्याच्या गावात शिरताना रस्त्याकडेला, नाहीतर एखाद्या पाणपोईवर दातेरी चाकाची खूण आपण कितीदा तरी पाहतो. खाली लिहिलेलं असतं, रोटरी क्लब. बऱ्याच जणांना वाटतं, हा डॉक्टर, वकील, व्यापाऱ्यांचा जेवणावळीचा क्लब. ते अगदीच खोटं नाही. सुरुवात साधारण तशीच झाली.

२३ फेब्रुवारी १९०५ ला अमेरिकेतल्या शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तिघांना जमवलं. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण इंजिनिअर, एक शिंपी. परक्या शहरात ओळखी व्हाव्यात, धंद्यात एकमेकांना मदत व्हावी, एवढाच हेतू. बैठक आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात, आपल्याकडे भिशी फिरते तशी. म्हणून नाव रोटरी. १९०७ मध्ये त्यांनी शहरात सार्वजनिक शौचालयासाठी पुढाकार घेतला. सेवेची सुरुवात संडासापासून झाली, हे मला तरी आवडलं. भारतात पहिला क्लब १९१९ ला कोलकात्यात निघाला, मुंबईत १९२९ ला. बायकांना सभासद व्हायला मात्र १९८९ उजाडलं.

रक्तदान, डोळे तपासणी, शाळेला मदत ही कामं आपण बघतोच. कधी कधी वही एक आणि फोटोत माणसं दहा, असंही होतं. पण पोलिओचं काम फोटोपुरतं नव्हतं.

१९७९ मध्ये रोटरीने फिलिपिन्समधल्या लेकरांना डोस देण्यापासून सुरुवात केली आणि १९८५ ला जगभराचं काम अंगावर घेतलं. १९८८ ला जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ सोबत आले. तेव्हा जगात वर्षाला सुमारे साडेतीन लाख लेकरं पोलिओने लुळी पडत होती. भारतात १९९५ ला पल्स पोलिओ सुरू झालं. एकाच दिवशी सगळ्या लहान लेकरांना डोस दिला की विषाणूला वाढायला पोटच मिळत नाही, असं त्यातलं गणित. डोस पाजले ते सरकारी नर्स, अंगणवाडीताई, पुढे आशाताई यांनी. श्रेय एकट्या रोटरीचं नाही. पण पैसा, बॅनर, बूथवर माणसं आणि अडून बसलेल्या घरांची समजूत घालणं, यात रोटरीवाले होते. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

मग आता डोस कशाला, असं पारावर विचारतात. पाकिस्तान, अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे आणि तो माणसांबरोबर फिरतो. म्हणून पाच वर्षांच्या आतलं लेकरू, आधी कितीही डोस झालेले असोत, बूथवर न्यायचंच. पाहुण्याचं असलं तरी. सुटतात ती ऊसतोडीच्या कोप्यांवरची लेकरं, कारण टोळी आज इथं तर उद्या दुसऱ्या फडात. तुमच्या शिवारात टोळी उतरली असेल, तर डोसच्या दिवसाआधी आशाताईला कळवून ठेवा.