सगळ्यांना चालेल अशी बाई

राजकीय पक्षातल्या बायका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सभेच्या पहिल्या चार रांगांत बसवलेल्या, एकसारख्या साड्या नेसलेल्या, पाहुण्यांना ओवाळायला ताटं धरून ताटकळलेल्या बायका. मीही ते ताट धरून उभी राहिलेली आहे. आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका पक्षाच्या शहर महिला आघाडीची मी बरीच वर्षं चिटणीस होते. पक्षाचं नाव सांगत नाही. कारण मी जे सांगणार आहे, ते कुठल्याही पक्षात आणि कुठल्याही गावात घडतं. कदाचित तुमच्याही घडत असेल!

२०१६ साल. नगरपालिकेच्या निवडणुका वर्षाच्या अखेरीस होणार होत्या आणि नेमक्या ऐन उन्हाळ्यात आमच्या अध्यक्षबाईंनी तब्येतीमुळे पद सोडलं. झालं! गावात पाण्याच्या टँकरची चर्चा मागे पडली आणि ‘आता अध्यक्षा कोण?’ हीच चर्चा सुरू झाली.

तुम्ही म्हणाल, महिला आघाडीचं पद म्हणजे काय मोठंसं? हळदीकुंकू आणि सत्कार. पण तसं नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली आणि नगरपालिकेत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून तर निम्म्या जागा आपल्या. पण त्या निम्म्या जागांवर कोणती बाई उभी राहणार, हे पक्षाच्या समितीत ठरतं, आणि त्या समितीत बायका किती असाव्यात हे हा कायदा सांगत नाही. आमच्या गावात वीस नगरसेवक, म्हणजे दहा जागा बायकांच्या. मुलाखती घेणाऱ्या मंडळात नऊ पुरुष आणि दहावी महिला आघाडीची अध्यक्षा. ती एकटी काय बोलते, किंवा गप्प बसते, यावर दहा जणींचं नशीब!

आमच्यात दोन गट. एक वाड्यावरच्या वहिनींचा. त्यांचे यजमान पूर्वी नगराध्यक्ष होते. घरी गाडी, माणसं, पैसा, आणि चहाला कुणालाही नाही न म्हणणारा स्वभाव. दुसरा गट वकील मॅडमचा. त्या पंधरा वर्षं पक्षात, मोर्चात पुढे, माईक हातात घेतला की बाजारपेठ थांबून ऐकायची. खरं सांगू? दोघीही लायक होत्या आणि तीच पंचाईत होती. एक जरी वाईट असती तर प्रश्न पटकन सुटला असता.

त्या वर्षी संक्रांतीला दोघींचं हळदीकुंकू एकाच दिवशी, एकाच वेळी. कोण आधी कुठे गेलं, कुणी वाण कुठलं घेतलं, याचा हिशेब दोन्हीकडे ठेवला जात होता. सख्ख्या जावाजावांमध्ये त्यावरून महिनाभर अबोला झालेला मी पाहिलाय. पक्षाची बैठक वाड्यावर असली की स्टेशन रोडच्या बायकांना निरोपच मिळायचा नाही, आणि मॅडमच्या ऑफिसात असली की वाड्याकडच्यांना. मग दोन्ही बैठकांचे ठराव ‘एकमताने मंजूर’!

जिल्ह्याहून निरीक्षक आले. विश्रामगृहात एकेकीला आत बोलावून विचारपूस. मी वही घेऊन कोपऱ्यात बसले होते. पहिला प्रश्न ‘समाज कोणता?’ दुसरा, ‘तुम्ही कुणाच्या?’ काम काय केलं, हा प्रश्न चौथा की पाचवा. शेवटी ते हात जोडून म्हणाले, ‘ताई, भांडण नको. सगळ्यांना चालेल असं एक नाव द्या, मी आजच घेऊन जातो.’

मग नावं यायला लागली. एक ऐंशीच्या घरातल्या आजी, त्यांना जिना चढवत नव्हता. एका व्यापाऱ्याची सून, ती कधी बैठकीला आलेलीच नव्हती. एका पुढाऱ्याची भावजय, ती तर म्हणाली, ‘भाऊजी सांगतील तसं.’ ही सगळी नावं दोन्ही गटांना चालत होती. का चालत होती, ते उघड आहे. कोरी पाटी सगळ्यांनाच आवडते, आपल्याला हवं ते लिहिता येतं. अशी अध्यक्षा झाली की गट मिटत नाहीत, दोघेही तिच्या मागच्या दाराने कारभार करतात. माझं तर मत आहे की अशा निवडीपेक्षा दोघींची उघड लढत परवडली.

त्या दिवसांत मला १९७२ सालच्या मुंबईतल्या बायकांची सारखी आठवण व्हायची. दुष्काळ, महागाई, रेशनवर धान्य नाही, रॉकेल नाही. तेव्हा ‘महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती’ उभी राहिली. त्यात मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट आणि तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या. कम्युनिस्ट पक्ष १९६४ मध्ये फुटला होता, म्हणजे अहिल्याताई आणि ताराबाई एका ताज्या फुटीच्या दोन बाजूंच्या. फूट पडलेल्या घरात लोक एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, आणि या बायका लाटणं हातात घेऊन एकाच मोर्चात! कुणी आपला पक्ष सोडला नाही की झेंडा लपवला नाही. तेल, साखर, धान्य, रॉकेल, एवढ्याच गोष्टीवर एक राहायचं ठरवलं, बाकीची भांडणं आपापल्या घरी. आणीबाणीत तर मृणालताई आणि अहिल्याताई तुरुंगात होत्या आणि ताराबाईंचा पक्ष आणीबाणीच्या बाजूने होता, इतकी दरी! १९७७ मध्ये मृणालताई आणि अहिल्याताई दोघीही मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या. त्यांना एकत्र आणणारी बाई ‘कुणाचीच नसलेली’ नव्हती. ज्या त्या पक्षाच्या पक्क्या होत्या, पण दुसरीला फसवणार नाहीत याची खात्री होती.

तर आमच्याकडे काय झालं? निरीक्षकांना चार दिवस थांबायला सांगितलं आणि आम्ही बैठक बोलावली. वाड्यावर नको, मॅडमकडे नको, म्हणून वाचनालयाच्या वरच्या खोलीत. दीड तास नुसती उणीदुणी. मग मागे बसलेली एक भाजीवाली, आमची जुनी सभासद, म्हणाली, ‘त्या आरडीच्या ताई का नको?’

खोलीत एकदम शांतता. आरडीच्या ताई स्वतः खिडकीजवळ बसल्या होत्या, त्यांनी चष्मा काढून पुसला.

पोस्टाच्या आवर्ती ठेवीच्या त्या एजंट. महिन्याच्या सुरुवातीला पिशवी घेऊन घरोघर फिरायचं, हप्ता घ्यायचा, कार्डावर नोंद करायची, पोस्टात भरायचा. वाड्यावरच्या वहिनींच्या सासूबाईंचं खातं त्यांच्याकडे, वकील मॅडमचंही आणि त्या भाजीवालीचंही. वीस वर्षं त्या प्रत्येक गटाच्या स्वयंपाकघरापर्यंत जात होत्या. कुणाचा हप्ता थकला, कुणी नवऱ्याच्या चोरून पैसे टाकते, कुणाचं मंगळसूत्र गहाण आहे, सगळं त्यांना ठाऊक. पण वाड्यावरची गोष्ट स्टेशन रोडला पोचली असं एकदाही झालं नाही. आणि हिशेब? एका पैचा घोळ नाही.

लगेच आक्षेपही आले. ‘त्यांना माईकवर बोलता येत नाही.’ ‘यजमान एसटीत कंडक्टर होते, पुढाऱ्यांशी कशा बोलणार?’ ‘त्यांच्या समाजाची मतं गावात किती?’ हा शेवटचा आक्षेप हळू आवाजात आला, पण आला. आपल्याकडे तो येतोच. तो न आल्यासारखं लिहिणं बरोबर नाही.

सगळ्यात गंमत पुढे झाली. दोन्ही गट दमले होते, म्हणून कुणीतरी म्हणालं, ‘चला, बिनविरोध करून टाकू.’ आरडीच्या ताई उठल्या आणि म्हणाल्या, ‘बिनविरोध नको. चिठ्ठ्या टाका. मी किती जणींना नको आहे ते मला कळू दे. नाहीतर उद्यापासून सगळ्या म्हणणार, आम्ही कुठे हो म्हटलं होतं!’

वहीची पानं फाडून चिठ्ठ्या केल्या, लाडवांच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. त्रेचाळीस चिठ्ठ्या. सव्वीस ताईंना, नऊ वकील मॅडमना, सात वहिनींना, एक कोरी. मीच मोजल्या आणि आकडे वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

पद घेण्याआधी ताईंनी काही गोष्टी कबूल करून घेतल्या. बैठक कुणाच्या घरी होणार नाही. चार दिवस आधी प्रत्येकीला चिठ्ठी जाईल, रागावलेलीला आधी. तिकिटासाठी कुणाचं नाव सुचवायचं ते बैठकीत ठरेल, लिहिलं जाईल आणि वाचून दाखवलं जाईल. ऐकायला किती साधं आहे! बचत गटातल्या बायका हे दर महिन्याला करतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब, ही पंचसूत्री त्यांना पाठ असते. पक्षात आलं की तेच आपण कसं विसरतो कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आधी मॅडमकडे गेल्या. ‘मला बोलता येत नाही, सभेत आघाडीच्या वतीने तुम्हीच बोलायचं.’ मग वाड्यावर. वहिनींकडे गाडी मागितली नाही, पैसाही नाही. उमेदवारी अर्जाच्या कागदपत्रांचं काम मागितलं. नगराध्यक्षांच्या घरात राहून वहिनींना ते तोंडपाठ होतं. थकबाकी नसल्याचा दाखला, जातपडताळणी, घरी शौचालय असल्याचं प्रमाणपत्र, दोन अपत्यांची अट. एका कागदासाठी अर्ज बाद झालेल्या कितीतरी बायका आपण बघतो. वहिनी त्या वर्षी स्वतः टेबल टाकून बसल्या आणि मॅडमच्या गटातल्या पोरींचेही अर्ज तपासून दिले. पहिले दोन दिवस तोंड फुगवून, पण दिले.

सगळं छान झालं असं मात्र समजू नका. आम्ही दहा नावं दिली, पक्षाने त्यातली चार घेतली. उरलेल्या सहा जागांवर कुणाची बायको, कुणाची वहिनी. मुलाखतीच्या मंडळात ताईंनी प्रत्येक नावाला ‘आमची का नको, कारण लिहून द्या’ म्हणून विचारलं. कारण कुणीच लिहून दिलं नाही. बायका चिडल्या, सामुदायिक राजीनाम्याची भाषा सुरू झाली. ताईंनी राजीनामे गोळा केले नाहीत. त्यांनी जिल्ह्याला पत्र लिहिलं, आमच्या सह्या घेतल्या, पोच घेतली. उत्तर आजतागायत नाही. आमच्यातल्या दोघींनी अपक्ष अर्ज भरले. त्यांच्या घरी जाऊन ताईंनी स्पष्ट सांगितलं, ‘प्रचार मी पक्षाचाच करणार. पण तुझं कार्ड चालू राहील आणि निवडणूक झाली की बैठकीची चिठ्ठीही येईल.’ पक्षाने त्या दोघींना निलंबित केलं, तरी ताईंनी हा शब्द पाळला. वरच्यांना ते आवडलं नाही. मला मात्र त्यांची खरी हिंमत तिथे दिसली.

आणि प्रचार ऐन रंगात आला असताना, ८ नोव्हेंबरला, नोटाबंदी! उमेदवार मतांसाठी फिरत होते आणि आमच्या अध्यक्षा पोस्टासमोरच्या रांगेत, डब्यात लपवलेल्या पाचशेच्या नोटा घेऊन आलेल्या बायकांचे फॉर्म भरत होत्या. दोन्ही गटांच्या बायकांचे, विरोधी पक्षातल्यांचेही.

आमच्या चौघींपैकी तिघी निवडून आल्या. पण समितीची परीक्षा त्यानंतर झाली, असं मला वाटतं. मुदती संपल्या, ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला आणि राज्यभरच्या नगरपालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसले. तिकीटच नाही म्हटल्यावर पक्षात कोण कशाला येईल? त्यात २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. कितीतरी गावांत एका पक्षाच्या दोन-दोन समित्या झाल्या, कालच्या मैत्रिणी समोरासमोर. आमचा पक्ष त्यातला होता की नाही ते सोडून द्या, वारं सगळ्यांनाच लागलं. आमची दुसऱ्या शनिवारची बैठक मात्र चालू राहिली. कधी नऊ जणी, कधी पंचवीस. पाण्याची तक्रार, रेशन कार्ड, दवाखान्यातली औषधं. ताईंनी तीन वर्षांनी पद सोडलं, कुणी सांगितलं नसताना. पुन्हा डबा आला, पुन्हा चिठ्ठ्या. या वेळी वकील मॅडम निवडून आल्या आणि त्यांचं नाव वहिनींनी सुचवलं होतं.

आता आजूबाजूच्या गावांतल्या मुली विचारतात, ‘काकू, आमच्यात भांडणं आहेत, कुणाला अध्यक्ष करू?’ मी उलट विचारते, तुमच्यातली कोण अशी आहे, जी आपल्याला न आवडणाऱ्या बाईलाही बैठकीचा निरोप देते? कुणाकडे वही आहे? आणि नेत्याला ‘नाही’ म्हणताना तुम्ही तिला कधी पाहिलंय का? भाषण कसं करते, हे मी विचारत नाही. भाषणाला माणसं मिळतात.

डिसेंबर २०२५ मध्ये अखेर नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. पुन्हा दहा नावं दिली, या वेळी पक्षाने सहा घेतली. त्यात २०१६ मध्ये अपक्ष लढलेल्या दोघींपैकी एक होती. तिचा अर्ज वहिनींनी तपासला, सभेत तिच्यासाठी मॅडम बोलल्या. ती पडली, एकोणीस मतांनी. पुढच्या दुसऱ्या शनिवारी वाचनालयाच्या जिन्यावर सगळ्यात आधी तीच येऊन बसली होती, किल्ली कुणाकडे आहे विचारत.